यूबीई२डी२ : मानवी ई-२ एन्झाइम प्रयोगशाळेत पारखून वापरण्याची पद्धत

युबिक्विटिन हे छोटे प्रथिन पेशीतल्या दुसऱ्या प्रथिनांवर जोडले जाते. त्या कामातला मधला दुवा असलेल्या ई-२ एन्झाइमच्या कुपीवर प्रतिमिलिलिटर किती मिलिग्रॅम असे जे लिहिलेले असते, ते प्रथिनाचे प्रमाण असते. त्यातले किती रेणू प्रत्यक्षात काम करतात, हे त्या आकड्यावरून कळत नाही. कुपी विकत आणलेली असो वा प्रयोगशाळेतच तयार केलेली, युबिक्विटिनवरचे बरेचसे गोंधळलेले निकाल हा फरक न पाहिल्यामुळे निर्माण होतात. म्हणून ई-३ लायगेजचा (युबिक्विटिन अखेरीस बसवायला मदत करणाऱ्या एन्झाइमचा) किंवा एखाद्या सब्स्ट्रेटचा (ज्यावर युबिक्विटिन बसते त्या प्रथिनाचा) प्रयोग लावण्याआधी ई-२ स्वतंत्रपणे तपासून घ्यावे, असे या लेखाचे सांगणे आहे. पुण्यात पाषाणपासून गणेशखिंडीपर्यंत आयसर, एनसीएल, एनसीसीएस या संशोधन संस्था आणि विद्यापीठाचे विभाग यांमध्ये प्रथिनांवर काम करणारे अनेक विद्यार्थी आहेत. त्यांपैकी ज्यांच्या हाती हे एन्झाइम पहिल्यांदाच येणार आहे, त्यांना समोर ठेवून पुढची मांडणी केली आहे. उदाहरणासाठी यूबीई२डी२ हे मानवी ई-२ घेतले आहे. जुन्या शोधनिबंधांत तेच यूबीसीएच५बी या नावाने आढळते.

गरजेपुरती पार्श्वभूमी

युबिक्विटिन हे ७६ अमिनो आम्लांचे, सुमारे ८.६ किलोडाल्टन वजनाचे प्रथिन आहे. ई-१ एन्झाइम एटीपी खर्च करून त्याच्या शेवटच्या ग्लायसीनला सक्रिय करते आणि स्वतःच्या सिस्टीनवर थायोएस्टर बंधाने धरून ठेवते. तेथून ते ई-२च्या सिस्टीनवर जाते आणि ई-३च्या मदतीने अखेरीस सब्स्ट्रेटच्या लायसीनवर पक्क्या आयसोपेप्टाइड बंधाने बसते. माणसात युबिक्विटिनसाठी ई-१ फक्त दोन, ई-२ चाळीसच्या आसपास आणि ई-३ सहाशेहून अधिक आहेत. या प्रणालीच्या शोधासाठी ॲरन सिकॅनोव्हर, अव्राम हर्श्को आणि अर्विन रोज यांना २००४चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

प्रयोग करणाऱ्याच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट एकच आहे. ई-२वरचा थायोएस्टर बंध डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथॅनॉल या क्षपणकांनी तुटतो, तर सब्स्ट्रेटवरचा आयसोपेप्टाइड बंध तुटत नाही. पुढच्या प्रत्येक जेलचा (ज्यावर प्रथिने वजनानुसार वेगळी होऊन पट्ट्यांच्या रूपात दिसतात) अर्थ याच भेदावरून लावायचा आहे.

कोणते ई-२ निवडावे

यूबीई२डी२ १४७ अमिनो आम्लांचे, साधारण १६.७ किलोडाल्टनचे आहे आणि त्याचे क्रियाशील सिस्टीन ८५व्या जागेवर आहे. ते सहज तयार होते, विरघळलेले राहते आणि बहुतेक ई-३बरोबर काही ना काही क्रिया दाखवते. नव्या ई-३ची पहिली चाचणी घेण्यासाठी ते उत्तम आहे ते याच कारणाने, आणि निष्कर्ष काढण्यासाठी ते धोक्याचे आहे तेही याच कारणाने. जे एन्झाइम जवळजवळ कोणाशीही जुळवून घेते, त्याने दिलेला होकार पेशीत खरोखर घडणाऱ्या गोष्टीचा पुरावा मानता येत नाही. त्याने जोडलेल्या युबिक्विटिनच्या साखळ्याही युबिक्विटिनच्या एका ठरावीक लायसीनवरून वाढत नाहीत, तर मिश्र असतात.

म्हणून पहिला प्रयोग यूबीई२डी२वर करावा, पण दुसरा प्रयोग निरनिराळी ई-२ शेजारीशेजारी ठेवून करावा. यूबीई२एन आणि यूबीई२व्ही१ ही जोडी ६३व्या लायसीनवरून साखळी वाढवते. यूबीई२आर१ आणि यूबीई२के ४८व्या लायसीनवरून, तर यूबीई२एस ११व्या लायसीनवरून साखळी वाढवते. यूबीई२एल३ची गोष्ट वेगळी आहे. ते लायसीनला युबिक्विटिन देत नाही, फक्त सिस्टीनला देते. त्यामुळे ज्या ई-३मध्ये स्वतःचे क्रियाशील सिस्टीन असते, अशा हेक्ट आणि आरबीआर गटांतल्या ई-३बरोबरच ते उपयोगी पडते. असे सिस्टीन नसलेल्या साध्या रिंग गटातल्या ई-३बरोबर यूबीई२एल३ लावून ‘क्रिया दिसली नाही’ असे लिहिण्याला काही अर्थ नाही, कारण ती दिसणारच नव्हती. यूबीई२आय आणि यूबीई२एम यांची नावे या कुळातली असली तरी ती अनुक्रमे सुमो आणि नेड८ या युबिक्विटिनसारख्या दुसऱ्या प्रथिनांसाठी आहेत. मागणी नोंदवताना हे पाहून घ्यावे.

प्रयोगशाळेत तयार करायचे असल्यास

ई. कोलायमध्ये युबिक्विटिन प्रणाली नसते. त्यामुळे तेथे तयार केलेल्या ई-२मध्ये दुसऱ्या युबिक्विटिन एन्झाइमची भेसळ येत नाही, ही मोठी सोय आहे. रिकॉम्बिनंट डीएनएचे काम असल्याने संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे प्रकल्पाची नोंद आधी करून ठेवावी.

पद्धत ओळखीचीच आहे. हिस्टिडीन टॅग, म्हणजे निकेलला चिकटणारी छोटी शेपटी, असलेला पेट (pET) वर्गातला प्लाझ्मिड ई. कोलायच्या बीएल२१(डीई३) पेशींत घालावा. पेशी ३७ अंशांवर ०.६ ते ०.८ ओडीपर्यंत (ओडी म्हणजे द्रावणाची गढूळता) वाढू द्याव्यात, मग तापमान १८ अंशांवर आणून प्रथिनाची निर्मिती सुरू करणारे आयपीटीजी ०.२ ते ०.५ मिलिमोलर घालावे आणि रात्रभर ठेवावे. पुण्यात देखभालीसाठी वीज किंवा पाणी बंद ठेवण्याचा वार बहुधा गुरुवार असतो, तेव्हा जनरेटरची खात्री नसेल तर बुधवारी रात्री शेकर चालू ठेवून घरी जाऊ नये.

पेशी फोडण्याच्या बफरमध्ये ५० मिलिमोलर हेपीस किंवा ट्रिस, ३०० मिलिमोलर मीठ, १० ते २० मिलिमोलर इमिडॅझोल आणि टीसीईपी हे क्षपणक ०.५ मिलिमोलर ठेवावे. निकेल कॉलमवर डीटीटी शक्यतो नेऊ नये, कारण ते निकेलचे क्षपण करून कॉलम तपकिरी करते. साधारण २५० मिलिमोलर इमिडॅझोलने प्रथिन उतरवल्यावर टॅग टीईव्ही प्रोटिएजने कापावा आणि मग आकारानुसार प्रथिने वेगळी करणाऱ्या सुपरडेक्स ७५ कॉलमवर अखेरचे शुद्धीकरण करावे. १७ किलोडाल्टनचे प्रथिन घट्ट करताना १० किलोडाल्टन मर्यादेची गाळणी वापरल्यास थोडे प्रथिन खाली गळण्याचा संभव असतो. ३ किंवा ५ किलोडाल्टनची गाळणी सावकाश चालते, पण भरवशाची असते.

टॅग कापण्याचा खटाटोप का करावा, असा प्रश्न हमखास येतो. ई-२च्या आरंभीचे हेलिक्स ई-१शी बांधले जाते आणि ई-३ ज्या पृष्ठभागावर बसते त्यातही त्याचा वाटा असतो. दोघांच्या जागा एकमेकींवर आलेल्या असल्यामुळे ई-२ला ई-१पासून सुटल्याशिवाय ई-३शी जुळता येत नाही. सहा हिस्टिडीनचा छोटा टॅग सहसा आड येत नाही, मोठा टॅग मात्र येऊ शकतो. जीएसटी टॅग तर स्वतःच जोडीने राहतो, त्यामुळे त्याला जोडलेली प्रथिनेही जोडीने वावरतात आणि काही ई-३ कृत्रिमरीत्या अधिक क्रियाशील भासतात. वेगमोजणी करायची असेल तर जीएसटी काढलेलाच बरा.

पार्सल, साठवण आणि ॲलिकॉट

विकतचे एन्झाइम कोरड्या बर्फात येते. मुंबईला उतरून पुण्याला पोहोचेपर्यंत शनिवार-रविवार मध्ये येणार नाहीत अशा बेताने मागणी नोंदवावी आणि पार्सल उघडताना बर्फ शिल्लक होता की नाही, हे तेव्हाच नोंदवहीत लिहावे. एप्रिल-मेमध्ये ही नोंद विशेष कामाची ठरते.

एन्झाइम एकदाच, बर्फावर, वितळवावे आणि एका प्रयोगाला पुरतील अशा ५ ते १० मायक्रोलिटरच्या वाटण्या (ॲलिकॉट) करून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून उणे ८० अंशांवर ठेवावे. वितळलेली वाटणी परत गोठवू नये. पातळ केलेले द्रावण साठवूही नये, कारण एक मायक्रोमोलरच्या खाली प्रथिन नळीच्या भिंतीला चिकटून कमी होऊ लागते.

मोजमाप : मिलिग्रॅममधून मायक्रोमोलरमध्ये

क्रिया रेणूंच्या संख्येवर चालते, म्हणून सर्व हिशेब मायक्रोमोलरमध्ये करावा. १७ किलोडाल्टनच्या ई-२चे प्रतिमिलिलिटर १ मिलिग्रॅम म्हणजे सुमारे ५९ मायक्रोमोलर. टॅग आणि दुव्यासह वजन १९ किलोडाल्टन झाले असेल, तर तेच सुमारे ५३ मायक्रोमोलर होते. यूबीई२डी२मध्ये ट्रिप्टोफॅन असल्याने २८० नॅनोमीटरवरचे मापन विश्वासार्ह असते. युबिक्विटिनचे मात्र तसे नाही. त्यात ट्रिप्टोफॅन नाही आणि टायरोसीन एकच आहे. त्यामुळे प्रतिमिलिलिटर १ मिलिग्रॅमच्या द्रावणाचे शोषण जेमतेम ०.१५ ते ०.१७ भरते आणि किंचित डीएनए मिसळलेला असला तरी आकडा फसवा येतो. युबिक्विटिन कोरड्या भुकटीच्या रूपात मिळाले असेल तर वजनावरून द्रावण करावे आणि बीसीए या रंगावरून प्रथिन मोजण्याच्या पद्धतीने पडताळावे.

दोन बारीक बाबी येथेच सांगून टाकतो. एटीपीचे साठा-द्रावण मुळात आम्लधर्मी असते, ते सोडियम हायड्रॉक्साइडने सामू ७च्या आसपास आणल्याशिवाय वापरू नये. आणि ट्रिसचा सामू दर अंशाला सुमारे ०.०२८ने बदलतो, म्हणजे २५ अंशांवर ७.५ केलेला बफर शीतकक्षात ८.१च्या जवळ जातो आणि ३७ अंशांवर ७.२पर्यंत उतरतो. वातानुकूलन नसलेल्या खोलीत उन्हाळ्यात जुळवलेला सामू आणि डिसेंबरात जुळवलेला सामू एकच असे समजू नये. थायोएस्टरच्या कामासाठी माझी पसंती हेपीसला आहे. तापमानाने त्याचा सामू कमी हलतो आणि ट्रिसमधला अमिनो गट थायोएस्टरवर हल्ला करण्याची शक्यताही राहत नाही.

भारण चाचणी

ई-२वर युबिक्विटिन चढते का आणि किती रेणूंवर चढते, हे पाहणारी ही चाचणी साऱ्या कामाचा पाया आहे. तिला एक सकाळ पुरते.

एकूण ६० मायक्रोलिटरची क्रिया लावावी. दहापट तीव्र बफर, म्हणजे ५०० मिलिमोलर हेपीस, १ मोलर मीठ आणि ५० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, सामू ७.५, असा तयार ठेवावा आणि त्यातला ६ मायक्रोलिटर घ्यावा. त्यात ४२.६ मायक्रोलिटर पाणी, २ मायक्रोमोलरचे ई-१ ३ मायक्रोलिटर, ५० मायक्रोमोलरचे ई-२ ६ मायक्रोलिटर आणि १ मिलिमोलरचे युबिक्विटिन १.२ मायक्रोलिटर घालावे. एटीपी घातल्यावर अंतिम प्रमाणे ई-१ ०.१, ई-२ ५ आणि युबिक्विटिन २० मायक्रोमोलर अशी येतात. येथे ई-१ म्हणजे मानवी यूबीए१, साधारण ११८ किलोडाल्टन.

एटीपी घालण्यापूर्वी ८ मायक्रोलिटर काढून घ्यावेत, हा शून्य क्षणाचा नमुना. मग नळी ३० अंशांवर ठेवून १०० मिलिमोलर एटीपीचे १.२ मायक्रोलिटर घालून क्रिया सुरू करावी. आधीचा नमुना काढल्यामुळे एटीपी २ मिलिमोलरपेक्षा किंचित वर जाते, त्याने काही बिघडत नाही. पुढे १, ३ आणि १० मिनिटांनी प्रत्येकी ८ मायक्रोलिटर काढून, क्षपणक नसलेल्या एसडीएस नमुना-बफरमध्ये ताबडतोब मिसळावेत. दहाव्या मिनिटाला आणखी ८ मायक्रोलिटर घेऊन ते १०० मिलिमोलर डीटीटी असलेल्या नमुना-बफरमध्ये टाकावेत.

डीटीटी नसलेले नमुने उकळू नयेत. खोलीच्या तापमानाला पाच मिनिटे ठेवून त्याच दिवशी १५ टक्के जेलवर चालवावेत, उद्यावर टाकू नयेत. डीटीटीचा नमुना जेलमध्ये शेजारच्या लेनमध्ये भरला, तर डीटीटी पाझरून शेजाऱ्याचा थायोएस्टर तोडते आणि दहाव्या मिनिटाचा बँड अकारण फिका दिसतो. मध्ये निदान दोन लेन रिकाम्या सोडाव्यात. विद्यार्थ्यांच्या जेलमध्ये याइतका वारंवार दिसणारा आणि इतक्या सहज टाळता येणारा दोष दुसरा नाही.

प्रथिने दाखवणारा कुमासी रंग दिल्यावर शून्य क्षणी १७ किलोडाल्टनच्या जवळ मोकळे ई-२ आणि तळाशी युबिक्विटिन दिसावे. एटीपीनंतर १७चा बँड फिका होत जाऊन २५च्या आसपास नवा बँड उठावा आणि डीटीटीच्या लेनमध्ये तो नाहीसा होऊन १७चा बँड परतावा. या तिन्ही गोष्टी दिसल्या तरच थायोएस्टर झाला असे म्हणावे. २५चा बँड डीटीटीनेही जात नसेल, तर ते युबिक्विटिन ई-२च्या स्वतःच्या एखाद्या लायसीनवर पक्के बसलेले आहे. क्रिया फार वेळ चालू दिली किंवा एन्झाइम फार घेतले की असे होते.

आता कार्यक्षम हिस्सा काढायचा. येथे २५च्या बँडची घनता मोजण्याचा मोह होतो, पण त्या बँडमध्ये युबिक्विटिनही रंग धरते, म्हणून तो प्रमाणापेक्षा गडद भासतो. त्याऐवजी मोकळ्या ई-२चा बँड शून्य क्षणी किती होता आणि ३ व १० मिनिटांनी, म्हणजे क्रिया स्थिरावल्यावर, किती उरला याची इमेजजे या चित्रमापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तुलना करावी. उरलेला भाग एक दशांशाच्या आत असेल तर एन्झाइम उत्तम आहे. चौथा हिस्सा उरत असेल तर चालवून घेता येईल, मात्र पुढच्या सर्व हिशेबांत ७५ टक्केच धरावे. निम्मे उरत असेल तर त्या कुपीवर वेगमोजणीचा प्रयोग करू नये, असे माझे मत आहे.

एन्झाइम कमी भारले गेले म्हणजे ते वाईटच, असे लगेच ठरवू नये. पहिला संशय ई-१ आणि एटीपी यांच्यावर घ्यावा. याच मिश्रणात खात्रीचे दुसरे ई-२ घालून पाहिले की तो फिटतो किंवा पक्का होतो. दुसरा संशय साठवणुकीच्या बफरमधल्या डीटीटीवर. दहापट पातळ होऊनही ते अर्धा मिलिमोलरच्या पुढे उरत असेल तर बनलेला थायोएस्टर तोडत राहते. तिसरा संशय सिस्टीनच्या ऑक्सिडीकरणाचा. एन्झाइम ५ मिलिमोलर डीटीटीबरोबर अर्धा तास बर्फावर ठेवून, छोट्या डीसॉल्टिंग कॉलमवरून डीटीटी काढून, पुन्हा चाचणी घ्यावी. भारण वाढले तर दोष ऑक्सिडीकरणाचा होता. वाढले नाही तर प्रथिनाची घडी बिघडलेली असण्याचा संभव अधिक.

नियंत्रण म्हणून एटीपी नसलेली, ई-१ नसलेली आणि ८५व्या सिस्टीनऐवजी ॲलनीन असलेले निष्क्रिय ई-२ घातलेली, अशा तीन नळ्या तरी असाव्यात. त्या जागी सेरीन असेल तर एस्टर बनतो आणि तो डीटीटीला दाद देत नाही, लायसीन असेल तर त्याहून पक्का आयसोपेप्टाइड बंध होतो. हे दोन्ही बदल रचनेच्या अभ्यासासाठी उपयोगी आहेत, निष्क्रिय नियंत्रण म्हणून मात्र ॲलनीनच घ्यावे.

लायसीनवर उतरवण्याची चाचणी

भारलेले ई-२ युबिक्विटिन पुढे देते का, हे सब्स्ट्रेटशिवायही तपासता येते. भारण पूर्ण झाल्यावर ई-१ थांबवावे, मग सामू ७.५ला जुळवलेले लायसीन १० ते २० मिलिमोलर घालून, ई-३सह आणि ई-३शिवाय, भारलेला बँड किती लवकर ओसरतो ते पाहावे. एकट्या यूबीई२डी२वरून युबिक्विटिन सावकाश उतरते, क्रियाशील रिंग ई-३ घातले की झपाट्याने उतरते.

ई-१ थांबवण्यासाठी मॅग्नेशियम पकडणारे ईडीटीए घालण्याची पद्धत रूढ आहे. परंतु रिंग ई-३ची घडी जस्ताच्या अणूंनी धरून ठेवलेली असते आणि ईडीटीए ते जस्तही ओढून नेऊ शकते. अशा वेळी ई-३ मंद दिसले, तर तो त्याचा स्वभाव की आपण जस्त काढून घेतल्याचा परिणाम, हे सांगता येत नाही. म्हणून रिंग ई-३साठी एटीपी संपवणारे ॲपिरेज वापरावे.

ई-३ आणि सब्स्ट्रेटबरोबर

येथपर्यंत एन्झाइम खरे उतरले की मुख्य प्रयोग सोपा होतो. ई-१ ०.१, ई-२ ०.५ ते २, ई-३ ०.५ ते १ आणि युबिक्विटिन २० ते ५० मायक्रोमोलर घेऊन ३० अंशांवर अर्धा ते एक तास ठेवावे. आता पाहायचा बंध आयसोपेप्टाइड असल्याने नमुने डीटीटीसह उकळूनच जेलवर चढवावेत. ई-२चे प्रमाण निदान तीन पातळ्यांवर बदलून पाहावे. ५ मायक्रोमोलरच्या पुढेच क्रिया दिसत असेल तर ती जोडी नैसर्गिक आहे असे लिहिण्याआधी थांबावे.

युबिक्विटिनविरोधी अँटीबॉडीच्या ब्लॉटवर (जेलवरची प्रथिने पडद्यावर उतरवून अँटीबॉडीने ओळखण्याच्या चाचणीत) वर चढत गेलेला धूसर पट्टा दिसला की सब्स्ट्रेटवर साखळी बसली असे लिहिण्याची घाई होते. तो पट्टा ई-३च्या स्वतःवर बसलेल्या युबिक्विटिनचा असू शकतो, आणि यूबीई२डी२बरोबर तो पुष्कळदा तसाच असतो. त्यामुळे ब्लॉट सब्स्ट्रेटच्या अँटीबॉडीनेही करावा आणि सब्स्ट्रेट न घातलेली लेन त्याच जेलवर असावी. साखळीचा प्रकार पाहायचा तर एकेक लायसीन आर्जिनीनने बदललेल्या युबिक्विटिनपासून सुरुवात करावी. यूबीई२डी२ एक लायसीन अडवला तर दुसऱ्याकडे वळते, तेव्हा ४८चा लायसीन बदलूनही पट्टा कायम राहिला, एवढ्यावरून ४८ची साखळी नव्हतीच असे म्हणता येत नाही. अशा वेळी नमुना ट्रिप्सिनने कापून वस्तुमान वर्णपटमापनाला द्यावा. युबिक्विटिन बसलेल्या लायसीनवर दोन ग्लायसीनची, म्हणजे ११४ डाल्टनची, खूण उरते. ती सब्स्ट्रेटच्या लायसीनवर सापडली तर जोडणीची जागा कळते, आणि युबिक्विटिनच्या लायसीनवर सापडली तर साखळीचा प्रकार कळतो.

ब्लॉटच्या चित्राखाली वापरलेल्या ई-२ची कुपी, तिच्या भारण चाचणीची तारीख आणि कार्यक्षम हिस्सा लिहून ठेवावा. सहा महिन्यांनी दुसऱ्या कुपीवर तोच प्रयोग वेगळा आला की पहिल्यांदा हीच ओळ शोधली जाते.